नवी छोटी स्पोर्टी गाडी घेतली: पहिला बदल कोणता करावा?

तिसरा गिअर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं दुसऱ्यांचे धागे वाचत आलोय, आज स्वतःचा पहिला धागा काढतोय.

महिन्यापूर्वी मनातली गाडी दारात आली. १.४ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १४० हॉर्सपॉवर, २३० न्यूटन-मीटर टॉर्क (म्हणजे फिरवण्याचा जोर), सहा गिअर हाताने बदलायचे, वजन हजार किलोच्या आत. टायर १९५/४५ आर१७. मॉडेलचं नाव मुद्दाम टाळतोय, कारण माझा प्रश्न अशा सगळ्याच गाड्यांना लागू आहे आणि नाव आलं की चर्चा त्या कंपनीवर जाते. सध्या ९०० किलोमीटर झालेत.

गाडी जशी आहे तशीही खूप आवडते. पण हात शिवशिवतायत. रिमॅप (इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून घेणं), मोकळा एअर फिल्टर, नवा सायलेन्सर, १८ इंची अॅलॉय, गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा, असं सगळं डोक्यात घोळतंय. या वर्षी यातलं एकच मोठं काम परवडेल. रोजचं ऑफिस, सुट्टीला डोंगरातले वळणाचे रस्ते, आणि चार महिन्यांनी पहिल्यांदा रेस ट्रॅकवर जायला नाव नोंदवलंय. सुरुवात कुठून करू?

टर्बोप्रेमी

अभिनंदन! माझं उत्तर सरळ आहे: रिमॅप.

साध्या, बिनटर्बोच्या इंजिनात सॉफ्टवेअर बदलून हाती फारसं काही लागत नाही, कारण ते हवा ओढून ओढून किती ओढणार! टर्बोमध्ये मात्र किती बूस्ट (हवेचा जादा दाब) द्यायचा हे ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक ठरवतो, आणि कंपनी ते आकडे जपून ठेवते. हलकं पेट्रोल, कडक उन्हाळा, सर्व्हिसिंग चुकवणारा मालक, सगळ्यांतून इंजिन तगलं पाहिजे ना. तेवढी जागा आपल्याला मिळते. माझ्या गाडीचा टॉर्क डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) २३० वरून २८५ झाला, आणि बॉनेटही उघडावं लागलं नाही. चौथ्या गिअरमध्ये ओव्हरटेक करताना वेगळीच गाडी वाटते. एवढ्या पैशांत एवढा फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही.

दहाचा पाना

धागाकर्ते, सगळ्यात आधी ती ९०० ची हजार-दीड हजार होऊ द्या. मॅन्युअलमध्ये रनिंग-इनचं, म्हणजे नवी गाडी सुरुवातीला जपून चालवायचं पान असतं, ते शांतपणे वाचा. नवीन टायर आणि ब्रेकसुद्धा रुळायला वेळ घेतात, एकटं इंजिन नाही.

टर्बोप्रेमी, तुमच्या अनुभवावर शंका नाही. पण प्रश्न "पहिला" बदल कोणता हा आहे, आणि तिथे मी टायरच म्हणेन. कारण सांगतो, जरा लांबेल.

दोन सारख्या गाड्या १०० च्या वेगाने शेजारी शेजारी चालल्यात असं धरा. दोघांनी एकाच क्षणी ब्रेक दाबला. एकीच्या टायरांची पकड १ जी (म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतकी), दुसरीची ०.८ जी. पहिली साधारण ३९ मीटरवर उभी राहते. नेमक्या त्याच जागी दुसरीचा काटा अजून ४५ वर असतो. दुसरी थांबायला आणखी १० मीटर लागतात. त्या १० मीटरांत समोर काय असेल ते आपल्या हातात नसतं. हे गणित दोन ओळींचं आहे, कुणीही करून बघावं, आणि एकदा केलं की टायर घेताना घासाघीस करावीशी वाटत नाही.

इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, या सगळ्यांचं जमिनीशी बोलणं चार तळहातांएवढ्या रबरातून होतं. नव्या गाडीवर येणारा टायर वाईट नसतो, पण त्याला सगळ्यांना खूश ठेवायचं असतं. अॅव्हरेज, आवाज, पाऊस, पन्नास हजार किलोमीटर टिकणं. चांगला उन्हाळी स्पोर्ट्स टायर यातल्या दोन-तीन गोष्टी सोडतो आणि पकड देतो. बऱ्याच टायरांच्या कडेला ट्रेडवेअरचा आकडा असतो. ४००-५०० म्हणजे टिकाऊ, २०० च्या आसपास म्हणजे चिकट आणि लवकर झिजणारा. आकडा कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे दोन कंपन्यांची तुलना त्यावरून काटेकोर होत नाही, पण अंदाज येतो. रोजच्या गाडीला २०० चा टायर घेऊ नका. ३०० च्या आसपासचा, ओल्या रस्त्यावर चांगला, असा बघा. तुमच्याकडे थंडी ७ अंशांच्या खाली जात असेल तर त्या दिवसांसाठी वेगळे टायर लागतील, कारण उन्हाळी रबर तिथे कडक होतं.

वळणवेडी

टायरला अनुमोदन. पण ट्रॅकचं नाव निघालंय म्हणून ब्रेक ऑईलचं लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझ्या पहिल्या ट्रॅक दिवशी पाचव्या फेरीला पेडल सरळ तळाला गेलं. आधी नरम झालं, मग स्पंजासारखं, मग काहीच नाही. वळणाबाहेर रिकामी मोकळी जागा होती म्हणून आज हे लिहितेय. गाडी तीन वर्षांची होती, सर्व्हिसिंग वेळेवर होतं, पॅड अर्ध्याहून जास्त शिल्लक होते. फक्त ब्रेक ऑईल पहिल्या दिवसापासूनचं होतं आणि मी कधी विचारलंच नव्हतं.

हे ऑईल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ४ चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश लागतो, ओल शिरल्यावर किमान मर्यादा १५५ वर येते. डॉट ५.१ चे आकडे २६० आणि १८०. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते. म्हणजे तुमच्या पायाचा सगळा जोर बुडबुडे दाबण्यात जातो, पॅडपर्यंत पोचतच नाही. हजार-अकराशे किलोची गाडी १०० वरून एकदा थांबवताना जी उष्णता तयार होते तेवढ्यात सव्वा लिटर थंड पाण्याला उकळी येईल. ट्रॅकवर हे दर मिनिटाला दोन-तीनदा होतं, आणि बरीचशी उष्णता पुढच्या दोन चाकांवरच येते.

एक खूण लक्षात ठेव. पेडल नरम पडलं तर ऑईल उकळतंय. पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड त्यांच्या तापमानाच्या बाहेर गेलेत. दोन्हींचे उपाय वेगळे. पॅड फेल झाले म्हणून नवीन पॅड घातले आणि ऑईल तेच ठेवलं, तर पुढच्या वेळी पुन्हा तेच.

आणि "डॉट ५" नावाचं सिलिकॉनचं वेगळंच ऑईल असतं. ५.१ आणि ५ यांची गल्लत करू नकोस, दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत.

तिसरा गिअर

ताई, हे वाचून पोटात गोळा आला. माझ्या गाडीचं ऑईल नवंच आहे, तरी बदलावं का? आणि मोठ्या डिस्क, चार पिस्टनचे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारे भाग) वगैरे?

वळणवेडी

नव्या गाडीचं बदललंच पाहिजे असं नाही, पण ट्रॅकच्या आठवडाभर आधी उच्च तापमानाचं डॉट ४ भरून घे. फार खर्चाचं काम नाही. त्यानंतर रस्त्यापुरतं दोन वर्षांनी, ट्रॅकवर जात राहिलीस... चुकलं, राहिलास तर दरवर्षी. मोठे कॅलिपर नकोत. हलक्या गाडीला कंपनीच्या डिस्क पुरतात. पाहिजेत तर नंतर पॅड बदल, आणि ते बसवल्यावर नीट तापवून घे, म्हणजे डिस्कवर त्यांचा थर सारखा बसतो. फार चढ्या तापमानाचे ट्रॅक पॅड रोजच्या गाडीत घालू नकोस. सकाळी थंड असताना पहिल्या सिग्नलला ते पकडतच नाहीत.

टर्बोप्रेमी

ब्रेकचं मान्य, शंभर टक्के. तरी एक मांडतो. माणूस नवी गाडी घेतो ती मजेसाठी. टायर आणि ब्रेक ऑईलने ती रोज जाणवत नाही, रिमॅप रोज जाणवतो. सिग्नल सुटल्यावर, चढावर, सगळीकडे. पैसे एकदाच घालायचे असतील तर रोज सुख देणारी गोष्ट का नको?

दहाचा पाना

मुद्दा रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

एक, पुढच्या चाकांवर चालणारी हलकी गाडी, लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एकच चाक मोकळं फिरू न देणारा भाग) नाही. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना आतलं चाक आत्ताच फिरू बघतं. तिथे ५० न्यूटन-मीटर वाढवले तर ते रबर जाळण्यात जातील. तीच ताकद चांगल्या टायरवर गाडीला पुढे ढकलते. म्हणजे रिमॅप हवा असेल तरी टायर त्याच्या आधीच येतो.

दोन, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. छोट्या थेट-इंजेक्शनच्या टर्बो इंजिनांना एक आजार असतो. इंजिनच्या कमी फेऱ्यांवर (आरपीएम), जास्त भार असताना, ठिणगी पडायच्या आधीच तेलाचा थेंब किंवा काजळीचा कण पेटतो आणि पिस्टनवर हातोडा बसतो. एका फटक्यात पिस्टनची कड तुटू शकते. बरेच रिमॅप नेमका १८०० ते २५०० फेऱ्यांमधलाच टॉर्क वाढवतात, कारण डायनोच्या कागदावर आणि पाठीला तोच छान लागतो. तुम्ही रिमॅप करा किंवा नका करू, पाचव्या-सहाव्या गिअरमध्ये १५०० वर पूर्ण अॅक्सिलरेटर दाबू नका, एक गिअर खाली घ्या. इंजिन ऑईल एपीआय एसपी दर्जाचं घ्या. २०२० साली आलेल्या त्या दर्जात या आजाराची चाचणी आहे. त्याआधी २०१८ मध्ये एसएन प्लस आला तो मुख्यतः याच कारणाने.

तीन, क्लच. कंपनीचा क्लच थोडी वाढ सोसतो, पण किती ते प्रत्येक गाडीचं वेगळं. रिमॅप करणाऱ्याला हा प्रश्न विचारा. तो अडखळला तर उठून या.

आणि वॉरंटी. ईसीयूमध्ये सॉफ्टवेअर किती वेळा लिहिलं गेलं याची नोंद बऱ्याच गाड्यांत राहते, मूळ फाईल परत टाकली तरी. नवीन गाडीच्या पहिल्या वर्षात मी तो धोका पत्करणार नाही. विमा कंपनीलाही बदल कळवावा लागतो, नाहीतर नेमक्या गरजेच्या वेळी दावा अडतो.

टर्बोप्रेमी

खालच्या फेऱ्यांचं मला खरंच माहीत नव्हतं. माझ्या ट्यूनरला विचारून इथे लिहितो.

शून्य टो

१८ इंची चाकांचं कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो.

तुमचा टायर १९५/४५ आर१७. १९५ मिलिमीटर रुंदी, उंची तिच्या ४५ टक्के म्हणजे जवळपास ८८ मिलिमीटर, आणि मध्ये १७ इंचाची रिम. एकूण व्यास ६०७ मिलिमीटर. १८ वर जाऊन व्यास तोच ठेवायचा तर २१५/३५ घ्यावा लागेल. रबराची भिंत ८८ वरून ७५ वर येते. खड्ड्यात रिम वाकायची शक्यता वाढते, आणि चाक बहुतेक वेळा जड होतं. हे वजन स्प्रिंगच्या खालचं असतं, वर फिरणारंही असतं. गाडीच्या पिकअपला, ब्रेकला, खडबडीत रस्त्यावर टायर जमिनीला चिकटून राहण्याला, सगळ्याला ते नडतं.

उलट मी तर १६ वर जायला सांगेन. १९५/५० आर१६ चा व्यास ६०१ येतो, एक टक्क्याचा फरक, स्पीडोमीटरला काही होत नाही. टायर स्वस्त पडतो, भिंत जवळपास ९८ मिलिमीटर. मात्र १६ ची रिम तुमच्या कॅलिपरवरून जाते का ते घालून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. ऑफसेटचा आकडा (रिम किती आत-बाहेर बसते तो) मूळ रिमच्या जवळपास ठेवा, आणि लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नको. चाकं बदलल्यावर ५०-१०० किलोमीटरने नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा.

आता माझा आवडता विषय. टायर घालाल त्याच दिवशी अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून घ्या, आणि छापील कागद मागून घ्या. "ठीक आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. पुढच्या मॅकफर्सन सस्पेन्शनमध्ये गाडी कलली की बाहेरच्या चाकाचा निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला असणं) कमी होतो, आणि टायर बाहेरच्या कडेवर घासत चालतो. कॅम्बर बोल्ट घालून पुढे उणे दीड अंश आणि टो (वरून बघताना चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं) शून्य ठेवला, तर पुढचं टोक वळणात घुसायला लागतं. एवढ्या कमी खर्चात गाडीचा स्वभाव बदलणारं दुसरं काही मला माहीत नाही.

घाटवाट

वाचनखूण साठवली. एअर फिल्टर आणि सायलेन्सरचं कुणी सांगाल का?

दहाचा पाना

थोडक्यात: आवाज. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागाच्या) मागचा सायलेन्सर बदलून टर्बो गाडीत ताकद फारशी वाढत नाही, दोन-चार किलो वजन कमी होऊ शकतं. आवाज आवडत असेल तर तेही कारण चांगलंच आहे. कन्व्हर्टर मात्र काढू नका. बहुतेक देशांत ते बेकायदा आहे, आणि ते योग्यच आहे. मोकळा फिल्टर इंजिनजवळची गरम हवा ओढणार असेल तर उलट नुकसान. तेल लावायचा फिल्टर घेतलात तर तेल जपून लावा, जास्तीचं तेल हवा मोजणाऱ्या सेन्सरवर जाऊन बसतं.

वळणवेडी

स्प्रिंगांबद्दल: नुसत्या खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा मूळ शॉकअबवर घालू नकोस. शॉकअबची चाल कमी होते, मोठ्या खड्ड्यात गाडी थेट रबरी ठोकळ्यावर आपटते, आणि त्या क्षणी त्या चाकाची पकड जाते. सस्पेन्शन करायचं तर स्प्रिंग आणि शॉकअब एकमेकांसाठी बनवलेली जोडीच घे. पण आत्ता नको.

मागचा जाड अँटीरोल बार (वळणात गाडी कलणं कमी करणारी दांडी) बऱ्याच जणांचा आवडता आहे. मागची बाजू कडक झाली की पुढचं टोक छान वळतं, हे खरं. पण वळणाच्या मध्यात घाबरून अॅक्सिलरेटर सोडलास तर मागची बाजू बाहेर येते, पावसात तर फारच पटकन. पहिल्या ट्रॅक दिवशी हे शिकायची वेळ यायला नको.

जुनी पानं

इतिहासातलं एक उदाहरण आठवलं. १९६१ मध्ये जॉन कूपर यांच्या मदतीने मिनी कूपर आली तेव्हा इंजिन ८४८ सीसीचं ९९७ झालं, ताकद ३४ वरून ५५ हॉर्सपॉवर. पण त्याच गाडीला पुढे डिस्क ब्रेकही दिले, अवघ्या सात इंचांचे, कारण चाकंच दहा इंची होती! ताकद वाढवताना थांबण्याची सोय त्याच दिवशी केली. पुढे मिनी कूपर एसने माँटे कार्लो रॅली १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये जिंकली. १९६६ लाही पहिली आली होती, हेडलाइटच्या बल्बवरून बाद केली.

१९७६ च्या गोल्फ जीटीआयचंही तसंच. ११० हॉर्सपॉवरचं १.६ लिटर इंजिन सगळ्यांच्या लक्षात राहतं, पण सोबत आतून हवा खेळणाऱ्या पुढच्या डिस्क आणि खाली बसवलेलं सस्पेन्शन होतं. आपण आज या प्रकारच्या गाड्यांवर प्रेम करतो ते त्या जमलेल्या भट्टीमुळे.

टर्बोप्रेमी

ट्यूनरशी बोललो. त्याने माझ्या मॅपमध्ये २२०० फेऱ्यांच्या खालचा टॉर्क मूळच्या जवळ आणून दिला. खालचा धक्का थोडा कमी झाला, वर गाडी तशीच ओढते. ऑईलच्या डब्यावर एसपी आहे हेही बघून घेतलं. दहाचा पाना, मनापासून आभार.

तिसरा गिअर

पाच महिन्यांनी परत आलोय. मध्ये लिहिलं नाही कारण करून बघितल्याशिवाय काय लिहायचं!

टायर त्याच मापाचे घेतले, १९५/४५ आर१७, ट्रेडवेअर ३००. कंपनीचे टायर गॅरेजच्या कोपऱ्यात जपून ठेवलेत. कॅम्बर बोल्ट घातले, डावीकडे उणे १.५, उजवीकडे उणे १.४, टो शून्य, कागद माझ्याकडे आहे. मूळ कागदावर डाव्या-उजव्यात अर्ध्या अंशाचा फरक निघाला होता, नव्या गाडीत! डॉट ४ उच्च तापमानाचं भरलं. बाकी काही नाही.

डोंगरातल्या रस्त्यावर फरक पहिल्याच वळणाला कळला. आधी गाडी थोडी बाहेर ओढली जायची आणि मी स्टिअरिंग आणखी फिरवायचो. आता जिथे बघतो तिथे जाते. ओल्या रस्त्यावर जोराचा ब्रेक मारल्यावर एबीएसची थरथर उशिरा सुरू होते, हे तर बायकोलाही शेजारी बसून जाणवलं.

ट्रॅकवर सकाळच्या पहिल्या सत्रात पूर्ण फेरी १ मिनिट ५८ सेकंद. मग एक प्रशिक्षक शेजारी बसले. त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या: नजर लांब ठेव, आणि ब्रेक सरळ रेषेत संपव. दुपारी १ मिनिट ५२. गाडी तीच, टायर तेच. रिमॅपने या ट्रॅकवर सहा सेकंद मिळाले असते असं मला वाटत नाही. पेडल शेवटच्या फेरीपर्यंत घट्ट राहिलं. वळणवेडीताई, त्या क्षणी तुमची आठवण झाली.

एक अडचण आहे. सकाळी थंड टायरमध्ये हवा ३२ पीएसआय होती, चार फेऱ्यांनी ती ३९ झाली आणि पुढचे टायर तेल लावल्यासारखे घसरू लागले. मी तशीच ठेवली, कारण कमी करायची भीती वाटली. पुढच्या वेळी काय करू?

शून्य टो

पुढच्या वेळी टायर गरम असताना पिटमध्ये आल्या आल्या मोजा आणि ३५-३६ वर आणून ठेवा, पुढे आणि मागे वेगवेगळं लिहून ठेवा. खडूने टायरच्या खांद्यावर एक रेघ मारा, किती पुसली गेली त्यावरून रबर कुठपर्यंत टेकतंय ते दिसतं. घरी निघायच्या आधी टायर गार झाले की हवा परत मूळ आकड्यावर भरा, हे अजिबात विसरू नका. कमी हवेत लांबचा प्रवास म्हणजे टायर आतून तापून फाटण्याला आमंत्रण.

वळणवेडी

आणि सत्र संपल्यावर हँडब्रेक ओढू नकोस. शेवटची फेरी ब्रेक न वापरता सावकाश मार, मग गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून उभी कर. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून ठेवले की त्यांचा ठसा उमटतो आणि नंतर पेडल थरथरतं. पॅड आता किती मिलिमीटर उरलेत ते मोजलंस का?

तिसरा गिअर

पुढचे ७, मागचे ८. नवीन असताना पुढचे १० होते. म्हणजे पुढच्या ट्रॅकच्या आधी पॅड, बरोबर? रिमॅपचे पैसे बाजूला ठेवलेत ते त्यालाच वापरतो. हवेची नोंदवही आजच सुरू केली.

वळणवेडी

बरोबर. जुने पॅड टाकू नकोस, रोजच्या वापराला अजून कितीतरी चालतील. नवे कोणते घेतोस ते इथेच लिही, मलाही या वर्षी बदलायचेत.